फेब्रुवारीत मोजलेलं गाव

जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत प्रत्येक गावाची एक ओळ असते. गावाचं नाव, क्षेत्रफळ, घरं किती, माणसं किती, त्यात बाया किती, सहा वर्षांपर्यंतची लेकरं किती, आणि मग पुढं सोयीसुविधांचे रकाने: शाळा, दवाखाना, पाणी, पोस्ट, बस. बीडचं घ्या नाहीतर हिंगोलीचं, अख्खं गाव एका ओळीत बसवलेलं. सरकारला गाव दिसतं ते या ओळीतूनच, मंत्रालयातला माणूस काही प्रत्येक वाडीवर येऊन बघणार नाही आणि एवढ्या मोठ्या देशात ते शक्यही नाही, तक्ता लागतोच. माझं म्हणणं एवढंच की या ओळीतले दोन रकाने, लोकसंख्येचा आणि वाहतुकीचा, ज्या पद्धतीनं भरतात ती पद्धत मराठवाड्यातल्या गावांना लागूच पडत नाही, आणि पुढची जनगणना तोंडावर आलेली असताना आपल्याकडं यावर कोणी चकार शब्द काढत नाही. जातनिहाय गणनेवर मात्र रोज टीव्हीवर भांडणं चालू. तेही महत्त्वाचंच आहे, पण जात लिहायला आधी माणूस घरी तर सापडला पाहिजे.

२०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली आणि आकडा धरला तो १ मार्चच्या मध्यरात्रीचा. आता मला सांगा, फेब्रुवारीत आपल्याकडं गावात कोण असतं?

दसरा झाला की ऊसतोडीला माणसं न्यायला मुकादमाच्या, म्हणजे मजूर जमवणाऱ्या ठेकेदाराच्या, गाड्या लागायला सुरुवात होते. दिवाळी कोणाची घरी होते, कोणाची ट्रकमध्ये. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज, गेवराई हा सगळा बीडचा पट्टा, शिवाय जालन्याचं अंबड, घनसावंगी, मंठा, परभणीचं गंगाखेड, पालम, धाराशिवचं भूम, वाशी, कळंब, इथून कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, निघतात ते सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, नगरच्या कारखान्यांवर, आणि पुढं बेळगाव, बागलकोटपर्यंत. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, माघारी यायचं नाव नाही. पाडव्याला आले तर लवकर आले म्हणायचं. म्हणजे जनगणनेवाले मास्तर रजिस्टर घेऊन गावात फिरत होते तेव्हा हंगाम ऐन भरात होता.

अशा वाडीवर फेब्रुवारीत दुपारी एकदा चक्कर मारा. ओळीनं घरं बंद, कुलूप आहे त्याला कुलूप, ज्या घराचं दार धड नाही त्याच्यापुढं बोराटीच्या काट्या टाकलेल्या, कुत्रं-शेळी आत जाऊ नये म्हणून. एखाद्या ओट्यावर म्हातारा-म्हातारी आणि त्यांच्या जिवावर सोडलेली दोन नातवंडं. किराणा दुकानदार उधारीची वही मिटून बसलेला, कारण ज्यांच्या नावावर उधारी आहे ते सगळे उसाच्या फडात. झेडपीच्या शाळेत हजेरीपटावर नावं भरपूर, वर्गात त्यातली निम्मी, आणि हंगामी वसतिगृह नीट चाललं तर जरा जास्त. पाहुणे जेवून उठून गेल्यावर पंगत मोजावी तसली ही मोजणी.

नियम काय आहे तेही बघा, कारण यात कोणी मुद्दाम खोडसाळपणा केलाय असं मला म्हणायचं नाही. मोजणीच्या पूर्ण काळात जो माणूस घराबाहेर आहे त्याला घरी मोजायचं नाही, जिथं सापडेल तिथं मोजायचं. एक माणूस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून केलेला नियम आहे, शहाणपणाचाच आहे. पण ऊसतोड्या सापडणार कुठं, तर कारखान्याच्या हद्दीत कुठल्यातरी मोकळ्या रानात टाकलेल्या खोपीत, आणि तोही पहाटे तीनला उठून तोडीच्या फडात गेलेला, रात्री गाडी खाली करून आलेला. मोजणारा खोपीपर्यंत पोचला तर हा माणूस सांगली नाहीतर बागलकोटच्या कुठल्यातरी गावाच्या लोकसंख्येत धरला जाणार, आणि नाही पोचला तर कुठंच धरला जाणार नाही. दोन्हीकडून त्याच्या स्वतःच्या गावाच्या ओळीतून तो वजा झाला.

बीड जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार ४९. शेवटच्या एककापर्यंत आकडा आहे, बघितला की विश्वास बसतो. आणि त्याच जिल्ह्यातून ऊसतोडीला किती जातात हे विचारलं तर कोणाकडं धड उत्तर नाही. राज्यातल्या एकूण ऊसतोड कामगारांचा आकडा कोणी आठ लाख सांगतं, कोणी पंधरा. गोपीनाथराव मुंडेंच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, त्यांच्या नोंदणीच्या मोहिमा होतात, ओळखपत्रं वाटतात, तरी सगळ्यांनी मान्य करावा असा आकडा नाही. आणि इलेक्शनला मात्र हीच माणसं बरोबर सापडतात बरं का, गाड्या पाठवून आणतात, मतदान झालं की परत नेऊन सोडतात. तिथं सगळी यादी तयार असते, नावानिशी, खोपीनिशी.

आता कोणी म्हणेल शे-दोनशे माणसं इकडं मोजली काय अन् तिकडं मोजली काय, देशाची बेरीज तर तेवढीच. देशाची तेवढीच, पण गावाची नाही, आणि पैसा गावाच्या ओळीवर येतो. पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली तेव्हापासून सपाट भागात ५०० लोकसंख्येची अट आहे. २०२४ च्या सप्टेंबरात तिचा चौथा टप्पा मंजूर झाला, त्यातही सपाटीला ५०० च, आणि आधार कुठला, तर २०११ ची जनगणना. समजा एखादी वाडी दिवाळीत साडेपाचशेची आहे आणि फेब्रुवारीत चारशेची उरते, तर तिचा रस्ता तिची माणसं ऊस तोडायला गेली म्हणून अडणार. आणि माणसं ऊस तोडायला जातात ती गावात रस्ता नाही, पाणी नाही, रोजगार नाही म्हणून जातात. हे चक्र सरकारी कागदावर कुठंच दिसत नाही, कागदावर फक्त "अपात्र" एवढा एकच शब्द असतो.

रस्त्याचं एक झालं. आरोग्य उपकेंद्र पाच हजार लोकसंख्येला एक, प्राथमिक आरोग्य केंद्र तीस हजाराला एक. ग्रामपंचायतीत १५०० पर्यंत सात सदस्य, त्याच्या वर गेलं की नऊ. रेशनचा कोटा २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं ठरला, ग्रामीण महाराष्ट्राला ७६.३२ टक्के, पण ते टक्के काढायचे ते २०११ च्या आकड्यावर, म्हणून तर नवीन कार्डाला "इष्टांक शिल्लक नाही" हे उत्तर तहसीलमध्ये इतक्या जणांनी ऐकलंय. वाड्या आणि तांड्यांचं तर आणखी वेगळं. तांडा महसुली गाव नसेल तर त्याला स्वतःची ओळच नाही, तो मूळ गावाच्या ओळीत विरघळून जातो. गावात शाळा आहे म्हणजे तांड्याला शाळा आहे, गावाला डांबरी आहे म्हणजे तांड्यालाही आहे, मधला तीन किलोमीटरचा चिखल कोणाच्या रकान्यात बसत नाही. आणि ऊसतोडीला सगळ्यात जास्त माणसं जातात ती याच तांड्या-वाड्यांवरून.

हे झालं माणसांचं. गाड्यांचा रकाना तर त्याहून भारी.

२०११ च्या पुस्तिकेत वाहतुकीचे रकाने बघितले की हसावं का रडावं कळत नाही. सरकारी बस, खाजगी बस, रेल्वे स्टेशन, ऑटो, टॅक्सी-व्हॅन, ट्रॅक्टर, सायकलरिक्षा, जनावरांनी ओढायची गाडी, एवढंच काय, नावेची फेरी सुद्धा आहे. आष्टी-पाटोद्याच्या गावांपुढं नावेचा रकाना, जिथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात तिथं! देशभराला एकच फॉर्म म्हटल्यावर असं होणार, चालायचंच. पण प्रत्येक रकान्यात उत्तर फक्त हो किंवा नाही. नाही असेल तर ती सोय किती लांब आहे त्याची अक्षरं: पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, दहाच्या पुढं. बस. गाडी दिवसातून किती वेळा येते, कधी येते, परत कधी जाते, पावसाळ्यात येते का, रविवारी येते का, यातलं एक अक्षर विचारलेलं नाही. आणि ज्या फटफटीवर आज अर्धा मराठवाडा चालतो ती या गावाच्या तक्त्यात नाहीच, ती जनगणनेच्याच घरयादीत, टीव्ही आणि टेलिफोनच्या शेजारी, घरगुती चीजवस्तू म्हणून.

म्हणून ज्या गावात दिवसातून एक गाडी येते तेही "हो" आणि ज्या गावावरून दर अर्ध्या तासाला गाडी जाते तेही "हो".

ती एक गाडी म्हणजे बहुतेक मुक्कामी. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, संध्याकाळी तालुक्यावरून निघणार, सात-आठला गावात येणार, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपणार, कोणाच्या तरी घरून त्यांना भाकरी-कालवण येणार आणि पहाटे साडेपाच-सहाला तीच गाडी पहिली म्हणून सुटणार. दूधवाले, कोर्टाच्या तारखेवाले, कॉलेजची पोरं, ॲडमिट असलेल्या पेशंटचा डबा, सगळं त्यात. गाडी वळवून घ्यायला पारापाशी जागा कमी म्हणून रोज कोणीतरी मागं उभं राहून "येऊद्या येऊद्या" करणार. मुक्कामी गाडी असलेल्या गावाचा रुबाब वेगळा असायचा, सोयरीक जुळवताना सांगायचे लोक, आमच्या गावाला मुक्कामी गाडी आहे. यातल्या कितीतरी मुक्कामी गाड्या आता बंद आहेत. कारण विचारलं की डेपोतून एकच उत्तर, भारमान नाही.

भारमान हा एसटीचा लाडका शब्द. गाडीत जागा किती आणि माणसं किती बसली याचं प्रमाण. कमी भरलं की फेरी तोट्यात, तोट्यात गेली की बंद. हिशोब बरोबर आहे, पण भारमान कमी का झालं हे कोणी विचारत नाही. सकाळी दहाला शाळा आणि गाडी येते साडेअकराला, मग पोरं कशी बसणार? एक दिवस आली, दोन दिवस नाही, तिसऱ्या दिवशी फाट्यावरूनच वळली, असं महिनाभर चाललं की माणूस कर्ज काढून मोटारसायकल घेतो. एकदा घेतली की तो एसटीला कायमचा तुटला आणि त्याच्या मागं बसणारे दोघंही तुटले. मग डेपो म्हणतो बघा, आम्ही सांगत नव्हतो? त्यात २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंतचा संप. कामगारांच्या मागण्या रास्त होत्या असंच माझं मत आहे, पण त्या पाच-सहा महिन्यांत खेड्यातल्या लोकांनी दुसरी सोय लावून घेतली आणि संप मिटल्यावर बऱ्याच फेऱ्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत.

दुसरी सोय म्हणजे काळीपिवळी, ॲपे, मॅजिक. यांच्यावर टीका करायला मला जमत नाही, कारण ही माणसं नसती तर निम्मी गावं घरातच बसली असती. पण जीप भरल्याशिवाय सुटत नाही. चौदा माणसं झाली की हलणार, मग तुम्ही सकाळी नऊला येऊन बसलेले असा नाहीतर दहाला. बाजाराच्या दिवशी खच्चून, इतर दिवशी नावाला सुद्धा नाही. आणि संध्याकाळी सहाच्या नंतर कोणतीच नाही, त्यामुळे तालुक्यात काम अडकलं की फाट्यापासून पायी नाहीतर कोणालातरी फोन करून बोलवायचं.

यात सापडतं कोण, तर ज्याला गाडी चालवता येत नाही ते. म्हाताऱ्या माणसांना आणि पोरींना फटफटीचा काय उपयोग? सरकारनं २०२२ च्या ऑगस्टात पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट केली, २०२३ च्या मार्चपासून बायांना अर्धं तिकीट, शाळेच्या पोरींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत. चांगल्या योजना आहेत, मनापासून म्हणतो, तालुक्याच्या स्टँडवर बायांची गर्दी वाढलेली डोळ्यांनी दिसते. पण ज्या वाडीला गाडीच नाही तिथल्या आजीला फुकट काय आणि अर्धं काय, ती ॲपेवाल्याला पूर्ण पैसे देते. म्हणजे सवलतीचा पैसा सगळा रस्त्याकाठच्या गावांना, आणि आडवळणाचं गाव आहे तिथंच. मानव विकास मिशनच्या बस पोरींसाठी आल्या, जिथं वेळेवर चालतात तिथं फरक पडलाय, पण एक गाडी सात-आठ गावं फिरून येते तेव्हा शेवटच्या गावच्या पोरीचा पहिला तास रोज बुडतो. आठवीपर्यंत शाळा गावात नाहीतर शेजारच्या गावात, नववीला तालुका. तिथं गाडीचा भरवसा नसला की घरचे म्हणतात कशाला रोजची काळजी, आणि पुढचं सगळ्यांना माहिती आहे. बालविवाहात परभणी आणि बीड राज्यात वरच्या नंबरात आहेत, त्याची कारणं दहा असतील, ऊसतोड त्यातलं मोठं, पण नववीची गाडी हेही एक आहे आणि त्याच्यावर भाषण कोणी करत नाही.

एक गंमत सांगतो. सरकारी बस मराठवाड्याला उशिरा मिळाली असं आपण धरून चालतो. खरं तर निजामाच्या राज्यात १९३२ साली २७ बसवर सरकारी मोटारसेवा सुरू झाली, आणि ज्या पुणे-नगर गाडीपासून एसटी आपला वाढदिवस धरते ती १ जून १९४८ ची. निजामाबद्दल कौतुकाचं बोलावं असं आपल्याकडं फार नाही, पण ही नोंद आहे ती आहे.

मोठी कामं होत नाहीत असंही नाही. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, जालना आणि संभाजीनगर त्याच्यावर आले. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९९५ ला मंजूर झालेला, बीडला गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर. तीस वर्षं लागली पण आली, आनंद झाला. आता पुढच्या पुस्तिकेत कितीतरी गावांचा रेल्वेचा रकाना एकदम सुधारणार. स्टेशनपर्यंत जायला गाडी आहे का, हा प्रश्न त्या रकान्याला पडत नाही. आणि "बारमाही रस्ता" म्हणून एक रकाना आहे, त्याचं काय करायचं ते २०२५ च्या सप्टेंबरात सीना, मांजरा, सिंदफणा फुगल्या तेव्हा सगळ्यांनी बघितलं. काळी माती, त्यावर पातळ डांबर, नाल्यावर फरशी पूल. पाऊस लागला की फरशीवर पाणी, गाव तुटलं. एरवीही पावसाळ्यात असे कितीतरी दिवस जातात, तक्त्यात मात्र रस्ता बारमाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, देशाची मोजणी तुमच्या ऊसतोडीसाठी पुढं-मागं करायची का? अजिबात नको. १६ जून २०२५ ला अधिसूचना निघाली आहे, संदर्भ दिवस १ मार्च २०२७ ठरलाय, म्हणजे मोजणी परत फेब्रुवारीतच, परत ऐन हंगामात. राहू द्या. माणूस एकदाच मोजा, जिथं आहे तिथंच मोजा. फक्त गावाच्या ओळीत एक आकडा वाढवा: हंगामासाठी बाहेर गेलेले किती. यावेळी सगळं मोबाईलवर होणार आहे, स्वतःची माहिती स्वतः भरायचीही सोय आहे, म्हणजे कागद वाढायचा प्रश्नच नाही. आणि योजनांची पात्रता ठरवताना दोन्ही आकडे मिळवून धरा. कारखान्याच्या गावाला त्या माणसांचं चार-पाच महिने पाणी-दवाखाना बघावा लागतो, त्यांनाही हा आकडा उपयोगी पडेल.

दुसरा आक्षेप एसटीचा: रिकामी गाडी किती दिवस पळवायची, जानेवारी २०२५ मध्ये तिकीट जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढवलं तरी तोटा भरून निघत नाही. मान्य. पण पन्नास जणांचीच गाडी पाहिजे असं कुठं लिहिलंय? आडवळणाला छोटी गाडी द्या. नाहीतर त्याच काळीपिवळीवाल्याला ठराविक वेळेचं परमिट द्या, सकाळी आठ आणि संध्याकाळी साडेपाच, भरली नाही तरी सुटायचं, रिकाम्या सीटचे पैसे सरकारनं द्यायचे आणि सवलतीचं तिकीट त्यातही चालवायचं. समृद्धीच्या एका इंटरचेंजच्या खर्चात असल्या किती गाड्या किती वर्षं चालतील याचा हिशोब एकदा विधानसभेत कोणीतरी मागावा.

आणि तक्त्यात हो-नाही ऐवजी चार गोष्टी लिहा. पहिली गाडी कधी, शेवटची कधी, मागच्या वर्षात किती दिवस आली नाही, आणि तालुक्याला जाऊन काम करून त्याच दिवशी परत येता येतं का. ही माहिती तलाठ्याला, ग्रामसेवकाला, शाळेतल्या पोरालाही तोंडपाठ असते, त्यासाठी कुठली कमिटी नको.

दिल्लीतून फॉर्म बदलून येईल याची मला फारशी आशा नाही, त्यामुळे ग्रामपंचायतीनं आपलं आपण करावं. दसऱ्याच्या आधी, गाड्या लागायच्या आत, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत घरनिहाय यादी वाचायची, कोण जाणार, कुठल्या कारखान्याला, लेकरं कोणाजवळ राहणार, आणि ती ठरावासकट तहसीलला देऊन पोच घ्यायची. तांड्याची यादी वेगळी, आकडा वेगळा. त्याच ठरावात मागच्या वर्षभरात गाडी किती दिवस आली तेही लिहायचं. मुकादमाच्या डायरीत ही यादी दरवर्षी असते, उचलीच्या रकमेसकट, तेव्हा जमवायला अवघड आहे असं कोणी म्हणू नये.